तहकुबीचा अधिकार

पेशीपासूनच पेशी उत्पन्न होते हे वाक्य आज शाळेतील विद्यार्थ्यालाही मुखोद्गत असते, आणि त्याच्यामागे रूडोल्फ फिरखो या जर्मन वैद्याचे नाव ओघानेच घेतले जाते. परंतु फिरखोने १८५५ मध्ये हे सूत्र लिहिले आणि १८५८ च्या आपल्या व्याख्यानग्रंथाद्वारे ते सर्वत्र पोहोचविले, त्याच्या काही वर्षे आधी, १८५२ मध्येच, बर्लिनमधील रोबेर्ट रेमाक याने गर्भांतील पेशी प्रत्यक्ष दुभंगताना पाहून हाच निष्कर्ष छापला होता, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. रेमाक यहुदी होता, धर्मांतरास त्याने साफ नकार दिला, आणि पूर्ण प्राध्यापकपद त्याला अखेरपर्यंत लाभले नाही. शास्त्राच्या दरबारातही श्रेयाची वाटणी निव्वळ गुणांवर होत नसते, याचा हा एक जुना दाखला होय.

पेशी दुभंगते एवढे कळले, तरी ती कशी दुभंगते हे दिसण्यास आणखी पंचवीस-तीस वर्षे जावी लागली, कारण जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली जवळजवळ पारदर्शक असते आणि तिच्या केंद्रकात चाललेली उलाढाल रंगावाचून डोळ्यांस दिसत नाही. कील येथील वाल्टर फ्लेमिंग याने त्या काळी नव्यानेच निघालेले कृत्रिम रंग हाती घेतले आणि प्राणीही मोठ्या मार्मिकपणे निवडला: सॅलॅमँडर या उभयचराची डिंभके, ज्यांच्या पेशी मोठ्या आणि गुणसूत्रे जाडजूड असतात. पूर्वावस्थेत केंद्रकातील विस्कळीत धागे आखूड व जाड होतात, मध्यावस्थेत ते पेशीच्या मध्यरेषेवर हारीने उभे राहतात, पश्चावस्थेत लांबीच्या दिशेने चिरलेल्या प्रत्येक धाग्याचे एकेक अर्ध विरुद्ध ध्रुवाकडे निघते आणि अंत्यावस्थेत दोन नवी केंद्रके सिद्ध होतात, हा जो क्रम आजही पाठ्यपुस्तकात आढळतो तो फ्लेमिंगच्या १८८२ च्या ग्रंथातील आकृत्यांत बव्हंशी पूर्ण झालेला आहे. हे धागे एवढ्या काटेकोरपणे का वाटले जातात, हे मात्र त्याला उमगले नाही. त्याचा उलगडा करू शकणारा मेंडेलचा आनुवंशिकतेवरील निबंध १८६६ मध्येच छापला गेला असूनही १९०० पर्यंत कोणाच्या खिजगणतीत नव्हता.

फ्लेमिंगच्या या चित्रमालिकेने नकळत एक गैरसमजही रूढ केला. दोन विभाजनांच्या मधला जो दीर्घ काळ, त्यात सूक्ष्मदर्शकाखाली काहीच घडताना दिसत नसल्यामुळे, ती पेशीची विश्रांती असे मानण्याचा प्रघात पडला आणि तो जवळजवळ सत्तर वर्षे टिकला. लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात काम करणाऱ्या अल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी घेवड्याच्या जातीतील एका शेंगेच्या रोपांची मुळे किरणोत्सर्गी फॉस्फरस मिसळलेल्या पाण्यात वाढवून, तो फॉस्फरस डीएनएमध्ये नेमका केव्हा शिरतो हे छायाचित्रणाच्या काचेवर उमटवून घेतले, तेव्हा असे निष्पन्न झाले की डीएनएची प्रत तयार होण्याचे काम त्या तथाकथित विश्रांतीच्याच काळात, आणि तेही त्यातील एका ठरावीक मुदतीतच, उरकले जाते. हा निबंध १९५३ मध्ये, म्हणजे डीएनएची दुहेरी सर्पिल रचना उलगडली त्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. त्या गाजावाजात तो झाकोळला गेला, हे त्याचे दुर्दैव. त्याने केलेली चतुर्विध विभागणी मात्र कायम झाली: वाढीचा पहिला अवकाश, नकलेचा काळ, दुसरा अवकाश आणि मग प्रत्यक्ष विभाजन. प्रयोगशाळेत वाढविलेल्या मानवी पेशीला हे चक्र पुरे करण्यास सुमारे चोवीस तास लागतात, आणि त्यांपैकी विभाजनाचा देखावा जेमतेम एका तासाचा असतो. ज्याला आपण पेशीविभाजन म्हणून ओळखतो, तो एका लांबलचक कारभाराचा केवळ समारोप आहे. कारण त्याआधी सुमारे सहाशे कोटी अक्षरांचा आणि सरळ केल्यास दोन मीटर लांबीचा भरेल असा आनुवंशिक दस्तऐवज, एकही ओळ न गाळता व एकही ओळ दोनदा न उतरविता, आठेक तासांत नकलून काढावयाचा असतो.

एवढा कारभार चालावयाचा तर हुकूम कोण देतो, हा प्रश्न उद्भवतोच. या प्रश्नाला प्रयोगाचे पहिले नेटके रूप मूळचे भारतीय असलेल्या पोटू नरसिंह राव यांनी आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट जॉन्सन यांनी १९७० मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात दिले. त्यांनी वापरलेल्या पेशी ‘हेला’ या नावाने प्रसिद्ध आहेत. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथील हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या कर्करोगाच्या गाठीतून, तिची अनुमती न घेता, त्या काढल्या गेल्या, आणि ती बाई त्याच वर्षी निवर्तली तरी तिच्या पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजतागायत दुभंगत आहेत. राव आणि जॉन्सन यांनी चक्राच्या निरनिराळ्या टप्प्यांवर असलेल्या दोन-दोन पेशींचा, निष्प्रभ केलेल्या एका विषाणूच्या साहाय्याने, संयोग घडवून आणला, जेणेकरून दोन केंद्रके एकाच पेशीद्रव्यात नांदू लागली. नकला करण्यात गुंतलेल्या पेशीशी पहिल्या अवकाशातील पेशी जोडली, तर तिचे केंद्रक मुदतीपूर्वीच नकला करू लागे. परंतु जिची प्रत आधीच पूर्ण झाली आहे अशा पेशीशी नकला करणारी पेशी जोडली, तर ते पूर्ण झालेले केंद्रक दुसऱ्यांदा नकलेला हात लावीत नसे. आणि विभाजनात असलेली पेशी कोणत्याही टप्प्यावरील पेशीशी जोडली असता, त्या दुसऱ्या पेशीची गुणसूत्रे, तयारी असो वा नसो, तत्काळ आखडून जाड होत. यातून दोन निष्कर्ष निघाले. हुकूम हा पेशीद्रव्यात विरघळलेला असतो आणि तो परक्या केंद्रकालाही लागू पडतो. आणि एकदा नक्कल झाली याची नोंद मात्र प्रत्येक केंद्रक आपल्यापाशी ठेवते, तिथे बाहेरचा हुकूम चालत नाही. इतक्या साध्या साधनांनी इतका निर्णायक पुरावा देणारे प्रयोग जीवशास्त्रात फार नाहीत. योशिओ मासुई यांनी १९७१ मध्ये बेडकाच्या परिपक्व अंड्यातील थोडेसे पेशीद्रव्य अपरिपक्व अंड्यात टोचले असता तेही परिपक्वतेच्या मार्गाला लागते असे दाखविले, तेव्हा या विरघळलेल्या हुकमाचे अस्तित्व आणखी एका बाजूने सिद्ध झाले. तो कशाचा बनलेला आहे, हे मात्र पुढे सतरा वर्षे अज्ञातच होते.

त्याचा शोध लागला तो दोन क्षुद्र किण्वांमुळे. सिॲटल येथे लीलंड हार्टवेल हे पाव फुगविणाऱ्या किण्वाचा अभ्यास करीत होते. या किण्वाच्या मातृपेशीवर अंकुर फुटतो आणि तो वाढत जाऊन नवी पेशी होते, त्यामुळे अंकुराच्या आकारावरून पेशी चक्रात कोठवर आली आहे हे सूक्ष्मदर्शकातून नुसते पाहून सांगता येते. हार्टवेल यांनी असे उत्परिवर्तित किण्व जमविले, जे थंड तापमानात नीट वाढत परंतु उष्णता वाढविताच सगळे एकाच आकाराच्या अंकुरावर अडून राहत. प्रत्येक अडणे म्हणजे चक्रातील एकेका जनुकाचा पत्ता. एडिंबरो येथे पॉल नर्स यांनी दुसरे किण्व घेतले, जे पूर्व आफ्रिकेतील भरडधान्याच्या मद्यातून १८९३ मध्ये प्रथम वेगळे केले गेले होते आणि जे दांडीसारखे लांबत जाऊन मध्यावर दुभंगते. नर्स यांना आढळलेली उत्परिवर्तित किण्वे मात्र अडत नव्हती; उलट ती पुरेशी लांबण्याआधीच दुभंगत आणि म्हणून खुजी राहत. याचा अर्थ असा की, ज्या जनुकात बिघाड झाला होता त्या जनुकाचे निरोगी अवस्थेतील काम पेशीला विभाजनापासून थोपवून धरणे हे होते. अशी सुमारे पन्नास खुजी उत्परिवर्तने त्यांनी गोळा केली, आणि एक सोडून बाकी सगळी त्या एकाच जनुकातील निघाली. उरलेले एक ज्या काचबशीत होते तिच्यावर बुरशी माजल्यामुळे ती बशी त्यांनी केराच्या टोपलीत टाकली होती, आणि मनाला स्वस्थता न लाभल्यामुळे परत जाऊन ती उचलून आणली. त्या बशीत जे जनुक हाती लागले ते एका रीतीने बिघडले तर पेशी वेळेआधी दुभंगे आणि दुसऱ्या रीतीने बिघडले तर ती मुळीच दुभंगत नसे. कारभाराचा मुखत्यार तोच, हे उघड झाले. पुढे १९८७ मध्ये नर्स आणि मेलनी ली यांनी, हे जनुक निकामी झालेल्या किण्वात माणसाची जनुके सरमिसळ टोचली आणि त्यांपैकी एकाने ते मरू घातलेले किण्व वाचविले. माणूस आणि किण्व यांचे पूर्वज शंभर कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी विभक्त झाले असता एकाचा अधिकारी दुसऱ्याच्या गादीवर बसून बिनतक्रार कारभार पाहतो, ही गोष्ट विचार करू जाता विस्मयकारक आहे.

या मुखत्याराला विभाजनाची वेळ कशी कळते, हे कोडे टिम हंट यांनी १९८२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या किनाऱ्यावरील वुड्स होल येथे सोडविले. सागरी अर्चिन या काटेरी प्राण्याच्या फलित अंड्यांत कोणती प्रथिने तयार होतात एवढेच त्यांना पाहावयाचे होते. थोड्या-थोड्या मिनिटांनी नमुने काढून पाहता बाकीची प्रथिने सारखी वाढत होती, एक मात्र वाढत-वाढत जाऊन विभाजनाच्या सुमारास एकाएकी नाहीसे होई, आणि दुभंगलेल्या पेशींत शून्यापासून पुन्हा साचू लागे. सायक्लिन या नावाने ते ओळखले गेले. मासुई यांचा विरघळलेला हुकूम १९८८ मध्ये शुद्ध स्वरूपात हाती आला, तेव्हा तो नर्स यांच्या त्या जनुकाने घडविलेले विकर आणि हंट यांचे सायक्लिन यांची जोडी निघाली. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक मिळाले; मासुई यांचे नाव त्यात नसावे, हे मला आजही खटकते.

आता यंत्रणा पाहू. हे विकर, ज्याच्या जातीला कायनेज म्हणतात, पेशीत सदैव हजर असते, परंतु सायक्लिनची जोड मिळेपर्यंत त्याला अधिकार नसतो. आणि जोड मिळाल्यावरही, नर्स यांच्या खुज्या किण्वांत बिघडलेले ते थोपविणारे प्रथिन त्याच्यावर फॉस्फेटचा एक गट चिकटवून त्याचे हात बांधून ठेवते. दुसरे एक विकर तो गट सोडविते. येथे खुबी अशी की, थोडेसे कायनेज मोकळे झाले म्हणजे ते सोडविणाऱ्याला उत्तेजन देते आणि बांधणाऱ्याला निष्प्रभ करते, त्यामुळे आणखी कायनेज मोकळे होते, आणि जे तासन्तास साचत आले होते ते काही मिनिटांत अंमलात येते. मग केंद्रकाचे आवरण विरते, गुणसूत्रे आखडतात, त्यांना ध्रुवांकडे ओढणारे तर्कुतंतू उभारले जातात. विभाजनाचा शेवट तर याहूनही करडा आहे. पश्चावस्था-प्रवर्तक नावाचे एक प्रथिनसंकुल सायक्लिनवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण लावते, आणि अशी खूण लागलेले प्रथिन पेशीच्या विघटनयंत्रात जाऊन तुकडे-तुकडे होते. हुकूम देणारा बडतर्फ झाला की मागे फिरण्याचा रस्ताच उरत नाही. प्रथिने नष्ट करण्याच्या या पद्धतीच्या शोधाला २००४ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले आहे.

येथवर वाचून वाचकाची अशी समजूत होणे साहजिक आहे की, पेशीचे सारे शहाणपण पुढे ढकलणाऱ्या या चाकात साठविलेले आहे. माझे मत याच्या उलट आहे, आणि त्यासाठी आधार म्हणून टेड वाइनर्ट व हार्टवेल यांच्या १९८८ च्या प्रयोगाकडे मी बोट दाखवीन. क्षकिरणांनी डीएनएचे धागे तुटले असता निरोगी किण्व विभाजनाच्या उंबरठ्यावर थांबते, तूट सांधते आणि मग दुभंगते. एका विशिष्ट जनुकात दोष असलेले किण्व मात्र त्याच मात्रेने मरून जाते. दुरुस्तीची हत्यारे त्याच्याकडे नसावीत, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. परंतु या दोघांनी त्या सदोष किण्वाला किरण दिल्यानंतर, तर्कुतंतू मोडणारे एक विष घालून काही तास जबरदस्तीने थांबवून ठेवले, आणि मग विष धुऊन काढले. तो काय, त्यातील पुष्कळ पेशी जगल्या! दुरुस्तीची सारी सामग्री त्यांच्या घरात होती. नव्हती ती फक्त काम तहकूब ठेवण्याची शक्ती. विभाजनाचे चाक सुरळीत चालत असताना जिची गरज कोणाला जाणवत नाही, आणि जिच्यावाचून पहिल्याच अपघातात सर्वनाश होतो, अशी ही तहकुबीची तरतूद चक्रात ठिकठिकाणी केलेली आहे, आणि त्या जागांना शास्त्रज्ञ तपासणी नाके म्हणतात.

त्यांपैकी विभाजनाच्या ऐन मध्यावर असलेला नाका मला सर्वांत विलक्षण वाटतो. नक्कल झाल्यानंतर प्रत्येक गुणसूत्राच्या दोन सारख्या प्रती प्रथिनांच्या कड्यांनी एकमेकींशी जखडलेल्या असतात, आणि त्यांतील एकीला एका ध्रुवाकडून व दुसरीला दुसऱ्या ध्रुवाकडून आलेले तर्कुतंतू चिकटेपर्यंत ती कडी तुटता कामा नयेत. माणसाच्या पेशीत अशी शेहेचाळीस गुणसूत्रे असतात. पंचेचाळिसांची जोडणी बिनचूक झाली आणि एकच कोठे बाजूला भरकटत राहिले, तरी ते एकटे गुणसूत्र आपल्या मध्यबिंदूपासून थांबण्याचा इशारा देत राहते, आणि त्या एका इशाऱ्यावर सगळा कारभार खोळंबतो. १९९५ मध्ये कॉन्ली रीडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ऑस्ट्रेलियातील एका लहान कांगारूवर्गीय प्राण्याच्या पेशींत, अशा शेवटच्या भरकटलेल्या गुणसूत्राचा तो बिंदू लेसर किरणाने जाळून टाकला. गुणसूत्राची जोडणी झालेली नव्हती, होणारही नव्हती; तरी तक्रार करणारे तोंड बंद होताच पेशी थोड्याच वेळात पश्चावस्थेत शिरली. परवानगी दिली जाण्याची ही पद्धत नसून हरकत न उरण्याची आहे, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

प्रत्येक पेशी हे सर्व नाके पाळते असे मात्र नाही. बेडकाचे फलित अंडे आरंभीची दहा-बारा विभाजने अर्ध्या-अर्ध्या तासाने, दोन्ही अवकाश गाळून, जवळजवळ न तपासता उरकते, कारण लागणारी सर्व प्रथिने मातेने अंड्यात आधीच भरून ठेवलेली असतात. दुसऱ्या टोकाला आपल्या मेंदूतील चेतापेशी आहेत, ज्या चक्रातून कायमच्या बाहेर पडलेल्या असतात. आणि मधल्या मध्ये यकृताच्या पेशी, ज्या वर्षानुवर्षे स्वस्थ बसतात, परंतु उंदराच्या यकृताचा दोन-तृतीयांश भाग कापून काढला असता आठवडा-दोन आठवड्यांत वजन पूर्ववत भरून देतात आणि पुन्हा स्वस्थ बसतात. हे पुन्हा स्वस्थ बसणे ज्यांना जमत नाही त्यांना कर्कपेशी म्हणतात. चक्राच्या आरंभीच्या नाक्यावर पहारा देणाऱ्या एका प्रथिनाचा अभाव लहान मुलांच्या डोळ्यांतील दृष्टिपटलाच्या कर्करोगास कारण होतो. आणि डीएनए तुटल्याची वार्ता मिळताच चक्र थोपविणारे, किंवा दुरुस्ती अशक्य दिसल्यास पेशीला आत्मनाशाकडे लावणारे, पी-५३ हे प्रथिन माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत बिघडलेले आढळते. कर्कपेशी फार वेगाने दुभंगते हा लोकप्रिय समज अर्धवट खरा आहे. आतड्याच्या अस्तरातील निरोगी पेशी कित्येक कर्कपेशींहून अधिक त्वरेने दुभंगतात, पण त्यांचे नाके शाबूत असतात.

हेच नाके आणि हेच तंतू औषधांचे लक्ष्य झाले आहेत, आणि त्या औषधांपैकी काहींचा उगम आपल्या परिचयाच्या वनस्पतींत आहे. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात तांबड्या-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी कॉल्चिसीन हे विष धारण करते. ते तर्कुतंतू उभारू देत नाही, त्यामुळे नकललेली गुणसूत्रे एकाच पेशीत अडकून त्यांची संख्या दुप्पट होते, आणि शेतकीशास्त्रज्ञांनी याच युक्तीने बिनबियांच्या कलिंगडाची पूर्वतयारी केली. सह्याद्रीतील नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसीन असते, ज्याच्यापासून बनविलेली औषधे नकलेच्या काळात डीएनएचे पीळ सोडविणाऱ्या विकराला अडकवून ठेवतात; त्याच्या खोडाला व मुळाला मिळणाऱ्या मोलामुळे हे झाड चोरतोडीला बळी पडत आहे, आणि वनखात्याने याहून कडक बंदोबस्त करावयास हवा. दारोदारची सदाफुली मूळची मादागास्करची. तिची पाने मधुमेहावर गुणकारी असल्याच्या समजुतीने कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे तपासणीस आली. रक्तातील साखर काही उतरली नाही, पण पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या, आणि त्यातून मुलांच्या रक्तकर्करोगावर आज वापरली जाणारी व्हिनक्रिस्टीनसारखी औषधे निघाली.

सदाफुलीची पाने मधुमेहावर म्हणून सकाळी चघळणारी मंडळी आपल्याकडे अजून पुष्कळ आहेत, आणि अलीकडे कर्करोगावरही तोच उपाय सांगितला जातो, म्हणून एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. व्हिनक्रिस्टीनचा एक ग्रॅम काढण्यास शेकडो किलो वाळलेली पाने लागतात, त्यामुळे चघळलेल्या चार पानांतून औषधाची मात्रा पोटात जात नाही. आणि शुद्ध केलेले औषध कर्कपेशी व निरोगी पेशी असा भेद जाणत नाही, त्यामुळे ते केसांची मुळे व आतड्याचे अस्तर यांच्यावरही चालते, आणि चेतातंतूंच्या आतही तर्कुतंतूंसारख्याच नलिका असल्यामुळे हातापायांना मुंग्या येतात. ते शिरेतून, मोजून, तज्ज्ञ वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे असते. सदाफुली अंगणात शोभेला ठेवावी. पाने खाऊ नयेत.